गोलरक्षक शंकर लक्ष्मण

मुलांनो, मावळात पाऊस लागला की मैदानात चिखल होतो आणि फुटबॉलला रंग चढतो. पण गोलात उभे राहायला कोणी तयार नसते. शेवटी सर्वांत लहान मुलाला तेथे ढकलतात. तुम्हीही कधी असे उभे राहिला असाल. दहा चेंडू अडवले तरी कोणी पाहत नाही. एक सुटला की सगळे ओरडतात.

शंकर लक्ष्मण यांनी हीच जागा वर्षानुवर्षे सांभाळली. त्यांचा जन्म १९३३ साली महू येथे झाला. महू हे इंदूरजवळचे छावणीचे गाव. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्मही तेथलाच. लहानपणी शंकर फुटबॉल खेळत. १९४७ साली ते सैन्यात गेले, तेही बँडपथकात! त्यांची पलटण होती मराठा लाइट इन्फन्ट्री. आपल्या मावळातील तरुणही या पलटणीत भरती होतात. बाजा वाजवणारा आणि फुटबॉल खेळणारा हा शिपाई पुढे हॉकीचा गोलरक्षक झाला. आहे की नाही गंमत?

हॉकीचा चेंडू दगडासारखा टणक असतो. वजन सुमारे १६० ग्रॅम. त्या काळी गोलरक्षकाच्या डोक्यावर शिरस्त्राण नसे, तोंडावर जाळी नसे. पायाला पॅड बांधायचे आणि उभे राहायचे. फुटबॉलची सवय असलेले पाय येथे उपयोगी पडले असतील, असे मला वाटते.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ३८ गोल केले आणि स्वतःवर एकही होऊ दिला नाही. अंतिम सामना पाकिस्तानशी होता. दहा वर्षांपूर्वी हे दोन्ही देश एकाच संघातून खेळत होते! भारत १-० ने जिंकला. १९६० साली रोमला पुन्हा तीच लढत झाली. या वेळी एक चेंडू शंकर यांना चुकवून गेला. भारत ०-१ ने हरला. १९२८ पासून सतत मिळालेले सुवर्णपदक त्या एका गोलाने हातचे गेले. अशा गोलानंतर गोलरक्षकाला झोप कशी लागत असेल, तुम्हीच विचार करा.

पण ते खचले नाहीत. १९६४ साली टोकियोत पुन्हा पाकिस्तानच समोर होता. मोहिंदर लाल यांनी गोल केला. मग पाकिस्तानचे खेळाडू चालून येत राहिले आणि शंकर अडवत राहिले. सुवर्णपदक परत आले. तीन ऑलिंपिक, तीन अंतिम सामने आणि त्या अंतिम सामन्यांत त्यांच्यावर गोल फक्त एक!

१९६६ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत ते कर्णधार होते. गोलरक्षकाला कर्णधार करणे तेव्हा नवलाचेच होते. तेथेही भारताने सुवर्णपदक जिंकले. १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९६८ च्या ऑलिंपिक संघात मात्र त्यांची निवड झाली नाही. त्यांनी हॉकी सोडली, पण पलटण सोडली नाही. १९७९ साली ते कॅप्टन म्हणून निवृत्त झाले आणि महूला परतले.

म्हातारपण ओढाताणीत गेले. ज्या पायांनी चेंडू अडवले, त्यांतील एका पायाला गँगरीन झाले. २९ एप्रिल २००६ रोजी महू येथेच त्यांचे निधन झाले.