न्यायी राजा : हजरत दाऊद

मुलांनो, तुमच्या ओळखीत दाऊद नावाचा एखादा मुलगा नक्की असेल. ख्रिस्ती कुटुंबात हेच नाव डेव्हिड होते. ज्यू कुटुंबात ते दाविद होते. नावे वेगळी वाटतात, पण ती एकाच थोर पुरुषाची आठवण म्हणून ठेवली जातात. ते म्हणजे हजरत दाऊद अलैहिस्सलाम. ते राजे होते आणि नबीही होते.

त्यांना मानणारे लोक आपल्यापासून फार दूर नाहीत. आपल्या आनंदनगरहून अंबरनाथ स्टेशनवर या आणि लोकलने ठाण्याला जा. तेथे टेंभी नाक्याच्या भागात १८७९ साली बांधलेले बेने इस्राएल समाजाचे प्रार्थनामंदिर आहे. हे ज्यू लोक शेकडो वर्षे कोकणात राहिले. त्यांची घरची बोली मराठीच. ते तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी तो बंद ठेवीत. म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांच्या प्रार्थनेत, ख्रिस्ती लोकांच्या बायबलमध्ये आणि आपल्या पवित्र कुरआनात हजरत दाऊद यांचे नाव आदराने घेतले जाते.

हजरत दाऊद सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी होऊन गेले. बायबलमध्ये असे सांगितले आहे, की ते बेथलेहेम गावचे होते. आठ भावांत ते सर्वांत धाकटे. घरच्या मेंढ्या राखण्याचे काम त्यांच्याकडे होते. कळपावर सिंह, अस्वल येई, तेव्हा एकट्यानेच त्याला तोंड द्यावे लागे. त्यांच्या हाती एक काठी आणि एक गोफण असे. आपल्याकडे ज्वारीचे पीक तयार झाले, की शेतकरी मचाणावर उभा राहून गोफणीने पाखरे हाकलतो. तशीच ती गोफण.

त्या काळी बनी इस्राईलचा राजा तालूत होता. जालूत नावाचा बलाढ्य योद्धा त्याच्याविरुद्ध सैन्य घेऊन आला. वाटेत एक नदी लागली. एका ओंजळीपेक्षा जास्त पाणी पिऊ नये, असे तालूतने सैनिकांना बजावले होते. पण बहुतेकांना तहान आवरली नाही. थोडेच लोक आज्ञेला जागले. त्या थोड्यांना घेऊन तालूत पुढे गेला.

जालूत अंगात चिलखत घालून उभा होता. त्याच्यासमोर जायला कोणी धजेना. तेव्हा तरुण दाऊद पुढे झाले. राजाने त्यांना आपले चिलखत दिले, पण त्यांना त्याची सवय नव्हती. त्यांनी ते काढून ठेवले आणि ओढ्यातले पाच गुळगुळीत गोटे उचलून घेतले. गोफण फिरली, गोटा सुटला आणि जालूत कोसळला. अल्लाहवर भरवसा ठेवून, हाताशी होते तेच साधन त्यांनी वापरले.

या विजयानंतर ते घरोघरी माहीत झाले. पुढे ते राजे झाले. बायबलच्या सांगण्यानुसार त्यांनी चाळीस वर्षे राज्य केले. त्यांतली सात वर्षे हेब्रोनमध्ये आणि तेहतीस वर्षे जेरुसलेममध्ये. १९९३ साली इस्राएलच्या उत्तर भागात तेल दान येथे उत्खननात एका जुन्या शिलालेखाचा तुकडा सापडला. तो हजरत दाऊद यांच्यानंतर शे-दीडशे वर्षांनी कोरलेला आहे. त्यात दाविदाच्या घराण्याचा उल्लेख आहे.

राज्य मिळाले, तरी त्यांची राहणी बदलली नाही. अल्लाहने त्यांच्या हाती लोखंड मऊ केले होते. ते लोखंडाच्या कड्या जोडून चिलखते तयार करीत. हदीसमध्ये सांगितले आहे, की ते स्वतःच्या हाताने कमावलेले अन्नच खात. एक दिवस रोजा आणि एक दिवस नाही, असा त्यांचा नेम होता. त्यांना जबूर हा पवित्र ग्रंथ मिळाला. त्यांचा आवाज गोड होता. ते अल्लाहची स्तुती करीत, तेव्हा डोंगर आणि पाखरेही त्यांना साथ देत, असे कुरआनात वर्णन आहे.

एके दिवशी ते आपल्या इबादतीच्या दालनात होते. अचानक दोन माणसे भिंत चढून आत आली. हजरत दाऊद दचकले. भिऊ नका, आम्ही न्याय मागायला आलो आहोत, असे त्या माणसांनी सांगितले. त्यांतला एक जण तक्रार करू लागला. त्याच्या भावाकडे ९९ मेंढ्या होत्या आणि त्याच्याकडे एकच. तरी भाऊ ती एक मेंढीही मागत होता आणि बोलण्यात त्याच्यावर मात करीत होता.

हजरत दाऊद स्वतः मेंढपाळ होते. एकुलत्या एका मेंढीचे मोल त्यांना ठाऊक होते. हा अन्याय आहे, असे त्यांनी लगेच सांगून टाकले. पण बोलून होताच त्यांच्या ध्यानात आले, की ही आपलीच परीक्षा आहे. दुसऱ्या माणसाने अजून तोंडही उघडले नव्हते! एकाचेच ऐकून त्यांनी निर्णय दिला होता, असा या प्रसंगाचा अर्थ अनेक जाणकार सांगतात. हजरत दाऊद यांनी सबबी सांगितल्या नाहीत. ते त्याच क्षणी अल्लाहपुढे झुकले आणि त्यांनी क्षमा मागितली. त्यांना क्षमा मिळाली. मनाच्या ओढीने नव्हे, तर सत्याने न्याय करावा, अशी आज्ञाही मिळाली. बायबलमधली कथा वेगळी आहे. पण तेथेही नाथान नावाचे नबी एका मेंढीचीच गोष्ट सांगून राजाला त्याची चूक दाखवतात आणि राजा ती कबूल करतो.

आणखी एकदा असेच घडले. एका माणसाच्या मेंढ्या रात्री दुसऱ्याच्या शेतात शिरल्या. त्यांनी सारे पीक फस्त केले. नुकसान मोठे होते, म्हणून सगळ्या मेंढ्या शेतकऱ्याला द्याव्यात, असा निर्णय हजरत दाऊद यांनी दिला. त्यांचे पुत्र सुलेमान तेव्हा लहान होते. त्यांनी वेगळा मार्ग सुचवला. मेंढ्या काही काळ शेतकऱ्याकडे राहाव्यात. दूध आणि लोकर त्याने घ्यावी. तोवर मेंढ्यांच्या मालकाने शेतात राबून पीक पूर्वीसारखे उभे करावे. मग ज्याचे त्याला परत मिळावे. यात शेतकऱ्याची भरपाई होत होती आणि मेंढपाळही भिकेला लागत नव्हता. हजरत दाऊद बाप होते आणि राजेही होते. तरी त्यांनी मुलाचा निर्णय आनंदाने मान्य केला. त्यांच्यानंतर हेच सुलेमान राजे झाले.

मुलांनो, जालूतला हरवणे कठीण होते. पण आपली चूक मान्य करणे त्याहून कठीण असते. गल्लीतल्या नळावर दोन मुले भांडतात. जो आधी रडत येतो, त्याचेच आपण ऐकतो आणि दुसऱ्याला चार शब्द सुनावतो. मीही वर्गात असे केले आहे. एका मुलाची तक्रार ऐकून मी दुसऱ्याला शिक्षा केली. मधल्या सुट्टीत खरी हकिकत कळली. दुसऱ्या तासाला सगळ्या वर्गासमोर मी त्या मुलाची माफी मागितली. पाय जड झाले होते. पण त्या दिवसापासून तो मुलगा माझ्याशी मोकळेपणाने बोलू लागला.

ज्याच्या हाती अधिकार असतो, त्याला कोणी सहसा अडवत नाही. त्याने स्वतःच थांबायचे असते, दुसरी बाजू ऐकायची असते. हजरत दाऊद यांच्याकडे राज्य होते, सैन्य होते. तरीही ते थांबले आणि झुकले. म्हणूनच न्यायी राजा म्हणून त्यांचे नाव आजही घेतले जाते.

स्वाध्याय

१. बेने इस्राएल लोकांना ‘शनिवार तेली’ का म्हणत?
२. हजरत दाऊद यांनी राजाचे चिलखत का काढून ठेवले?
३. हजरत सुलेमान यांच्या निर्णयामुळे दोघांचाही फायदा कसा झाला?
४. दुसरी बाजू ऐकल्यावर तुमचे मत बदलले, असा एखादा प्रसंग आठ-दहा ओळींत लिहा.