लोकमान्य आणि सुरतची खुर्ची

लोकमान्य टिळक राष्ट्रसभेचे, म्हणजे काँग्रेसचे, अध्यक्ष कधीच झाले नाहीत. आमच्या मंडळात मी हे सांगितलं तेव्हा निम्म्या जणांनी लगेच मोबाईल काढून खात्री करून घेतली. त्यात त्यांची चूक नाही. एवढा मोठा माणूस, तो अध्यक्ष झालाच असणार, असं आपण गृहीतच धरतो. गोखले झाले, फिरोजशहा झाले, सुरेंद्रनाथ तर दोनदा झाले. टिळक मात्र नाही. आणि ज्या गावात या प्रश्नावरून अख्खी काँग्रेस मोडली, ते गाव माझं.

मी सुरतची. उधना, लिंबायत या बाजूला खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबं राहतात, त्यातलंच आमचं एक. सुरत म्हटलं की मराठी माणसाला शिवाजी महाराजांची १६६४ ची स्वारी आठवते. दुसरी मराठी आठवण १९०७ सालची आहे, तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. तिच्यात पराक्रम नाही, म्हणून असेल. तिच्यात एक जोडा आहे.

पण आधी माणूस बघू. २३ जुलै १८५६ ला रत्नागिरीत जन्म, दहाव्या वर्षी आई गेली, सोळाव्या वर्षी वडील गेले. डेक्कन कॉलेजातून गणितात पहिल्या वर्गात बी. ए., मग एल. एल. बी. त्या काळी एवढ्या शिक्षणावर सरकारी नोकरी सहज मिळाली असती. पण चिपळूणकर आणि आगरकरांच्या संगतीने न्यू इंग्लिश स्कूल, केसरी, मराठा, डेक्कन एज्युकेशन सोसायटी, फर्ग्युसन कॉलेज असं सगळं दहा वर्षांच्या आत उभं राहिलं. मधे कोल्हापूरच्या बर्वे प्रकरणात टिळक-आगरकर दोघेही डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहून आले. १८९० मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले. हा भाग शाळेच्या पुस्तकात असतो, म्हणून भरभर सांगितला.

शाळेच्या पुस्तकात नसतो तो पंचहौदचा चहा. १८९० मध्येच पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाला शहरातली बरीच प्रतिष्ठित मंडळी जमली होती. न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कोणी घेतली, कोणी नुसती हातात धरली. हे सगळं जुळवून आणणारे गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान. त्यांनी नंतर हजर असलेल्यांची यादीच वर्तमानपत्रात छापून आणली. झालं! ख्रिस्ती लोकांच्या हातचा चहा प्यायले म्हणून शहरात ग्रामण्य उभं राहिलं आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. त्यांनी चौकशीला माणसं नेमली. टिळकांनी शास्त्रार्थ केला, वकिली केली, आणि आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं दाखवून दिलं. रानड्यांनीही पुढे प्रायश्चित्त घेतलं, त्यावरून सुधारकांनी त्यांना बरंच बोल लावलं.

आपलं कॉलेज ख्रिस्ती संस्थेचं आहे. आपल्या कँटीनमध्ये आपण दिवसाला चार चहा पितो आणि हे वाचून हसतो. मला मात्र ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी वाटत नाही. धर्मपीठाचा शब्द सार्वजनिक माणसाला किती अडवू शकतो, हे टिळकांनी चौतिसाव्या वर्षी स्वतः अनुभवलं. त्यांनी पीठाशी भांडण केलं नाही, पीठाला आपल्यावर स्वारही होऊ दिलं नाही. शास्त्राच्याच आधारे वाट काढली. ही त्यांची सवय आयुष्यभर राहिली. नियम काय सांगतो ते आधी बघायचं आणि मग त्या नियमावर पाय रोवून उभं राहायचं. सुरतेत ते असेच उभे राहिले.

त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. १८९३ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदासदनावर केसरीने जी झोड उठवली, ती वाचताना आजही त्रास होतो. धर्मांतराची शंका घ्यायला त्यांना जागा दिसली असेल. पण ज्या विधवा मुलींना दुसरीकडे कुठेही दार उघडं नव्हतं, त्यांचा विचार त्या लेखणीने पुरेसा केला नाही, असं मला वाटतं. त्याच वर्षी सार्वजनिक गणेशोत्सवाला जोर आला. लोक टिळकांकडे वळले ते अशा वाटेने. १८९७ मध्ये राजद्रोहाची शिक्षा झाली आणि ते सुटून आले तेव्हा नुसते संपादक उरले नव्हते.

आता अध्यक्षाचा प्रश्न. थोडं लांबून येते. लेबनॉन देशात १९४३ पासून असा संकेत आहे की राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिस्ती असावा. मग साहजिकच मॅरोनाइटांच्या सर्वोच्च धर्मगुरूच्या, पॅट्रिआर्कच्या, शब्दाला त्या निवडीत वजन येतं. १९५८ मध्ये अध्यक्ष शामून यांच्या मुदतवाढीला खुद्द त्यांच्याच पंथाचे पॅट्रिआर्क मेऊशी यांनी विरोध केला, आणि शेवटी सेनापती शहाब अध्यक्ष झाले. कायद्याच्या पुस्तकात धर्मगुरूला मत नसतं, पण सगळे त्याच्या दाराशी जाऊन येतात. आपल्याकडे राष्ट्रसभेत असं धर्मपीठ नव्हतं. पण ज्याच्यापुढे कोणाला ब्र काढता येणार नाही असा एक वडीलधारा माणूस होता, दादाभाई नौरोजी.

१९०६ च्या कलकत्ता अधिवेशनाला जहाल मंडळी टिळकांचं नाव पुढे करू लागली. वंगभंगाने बंगाल पेटलेला होता. मवाळांना टिळक अध्यक्ष म्हणून नको होते आणि उघड विरोध करून फूटही नको होती. त्यांनी विलायतेहून ८१ वर्षांच्या दादाभाईंना बोलावून घेतलं. दादाभाईंसमोर टिळक उभे राहणार थोडेच! वाद मिटला. वर स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण असे चार ठरावही झाले, म्हणजे टिळकांना खुर्चीपेक्षा मोलाचं मिळालं. असा उपाय वर्षातून एकदाच चालतो, हे पुढच्याच वर्षी कळलं.

१९०७ चं अधिवेशन ठरलं होतं नागपूरला. तिथे टिळकांना मानणारे पुष्कळ. स्वागत समितीत अध्यक्षाच्या नावावर एकमत होईना, बैठका गोंधळात मोडल्या. नोव्हेंबरात मुंबईला फिरोजशहा मेहतांच्या बंगल्यावर बैठक होऊन अधिवेशन सुरतेला हलवलं गेलं. ही फिरोजशहांची चाल साधी नव्हती. सुरत मवाळांच्या हातातलं गाव, आणि मुंबई इलाख्यातलं. यजमान प्रांताचा माणूस अध्यक्ष होत नाही, असा संकेत होता. म्हणजे टिळकांचं नाव आपोआप बाद. मग जहालांनी लाला लजपतरायांचं नाव काढलं. ते नुकतेच मंडालेच्या हद्दपारीतून सुटून आले होते, देशभर त्यांचं कौतुक चाललं होतं. पण आपल्या नावावरून फूट पडू नये म्हणून त्यांनी स्वतःच नकार दिला. मवाळांचे उमेदवार होते बंगालचे कायदेपंडित डॉ. रासबिहारी घोष.

टिळकांचा खरा आक्षेप घोषबाबूंवर नव्हता, कलकत्त्याच्या ठरावांवर बोळा फिरवला जाणार या भीतीवर होता. ठराव तसेच राहतील अशी हमी द्या, आम्ही अध्यक्षाला विरोध करत नाही, असं ते सांगत होते. ही हमी कोणी दिली नाही. ठरावांचे मसुदेही वेळेवर हाती आले नाहीत. मला विचाराल तर सुरत मोडली ती इथे. जोडा नंतरचा.

तापीकाठच्या जुन्या फ्रेंच बागेत मांडव घातला होता. २६ डिसेंबरला दीड हजारांवर प्रतिनिधी जमले. स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास मालवी यांचं भाषण झालं. अंबालाल साकरलाल देसाईंनी घोषबाबूंचं नाव सुचवलं. अनुमोदनाला सुरेंद्रनाथ बॅनर्जी उठले. एवढा दणदणीत आवाजाचा वक्ता, पण आरडाओरड्यात त्यांचंही कोणाला ऐकू जाईना. सभा तहकूब झाली.

दुसऱ्या दिवशी टिळकांनी मालवींकडे चिठ्ठी पाठवली, की अनुमोदन झाल्यावर मला तहकुबीची सूचना मांडायची आहे. चिठ्ठीला उत्तर आलं नाही. सुरेंद्रनाथांचं भाषण पुरं झालं, मोतीलाल नेहरूंनी पाठिंबा दिला, मालवींनी निवड झाल्याचं जाहीर करून टाकलं आणि घोषबाबू भाषणाला उभे राहिले. तेव्हा टिळक सरळ व्यासपीठावर चढले. मालवींनी त्यांची सूचना नियमबाह्य ठरवली. टिळकांचं म्हणणं, आधी कळवलेली सूचना आहे, मांडण्याचा हक्क मला आहे. ते हाताची घडी घालून श्रोत्यांकडे तोंड करून उभे राहिले. घोषबाबू वाचायला सुरुवात करायचे, गोंगाटात थांबायचे, पुन्हा सुरुवात करायचे. काही तरुण टिळकांना खाली ओढायला धावले, तेव्हा हात पसरून मधे कोण उभं राहिलं? गोखले! सतरा वर्षं ज्यांच्याशी पटलं नाही ते गोखले.

तेवढ्यात जोडा आला. तांबड्या चामड्याचा, टोकदार, तळाला शिसं ठोकलेला, चांगला मराठी जोडा. तो सुरेंद्रनाथांच्या गालाला लागून फिरोजशहांवर आदळला. नेव्हिन्सन नावाचा इंग्रज पत्रकार तिथे हजर होता, त्याने त्याचं वर्णन केलंय. जोडा कोणी मारला ते आजवर ठरलेलं नाही, तो टिळकांवरच फेकला होता असंही काहींचं म्हणणं. मग खुर्च्या उडाल्या, काठ्या चालल्या, आणि शेवटी पोलिसांनी मांडव रिकामा केला.

हे सगळं टिळकांनी घडवून आणलं, असं पुढे कित्येक वर्षं म्हटलं गेलं. ते खरं नाही. सभा मोडायची आज्ञा आपण दिली होती आणि ती टिळकांना विचारून दिली नव्हती, असं अरविंद घोषांनी पुष्कळ वर्षांनी लिहून ठेवलंय. टिळकांनी तर झाल्या प्रकारानंतर लेखी कळवलं, की घोषबाबूंच्या निवडीला विरोध सोडतो, झालं गेलं विसरू, फक्त गेल्या वर्षीचे ठराव कायम ठेवा. मवाळांनी ऐकलं नाही. पोलीस पहाऱ्यात त्यांनी वेगळी परिषद भरवली आणि जहाल काँग्रेसबाहेर गेले.

नियमावर बोट ठेवून उभं राहणं टिळकांचं बरोबर होतं. पण त्या क्षणी व्यासपीठावरून खाली उतरले असते तर? हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. कारण फुटलेल्या घराचं काय करायचं ते सरकारला नीट ठाऊक होतं. सहा महिन्यांत, २४ जून १९०८ ला, टिळकांना अटक झाली. २२ जुलैला न्यायमूर्ती दावरांनी सहा वर्षांची शिक्षा सुनावली. मंडाले, म्हणजे लजपतराय जिथून सुटून आले होते तेच गाव. तिथे गीतारहस्य लिहून झालं. आणि तिथेच १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई गेल्याची बातमी पोचली. त्यांचं माहेरचं नाव तापी होतं.

घोषबाबू मात्र १९०८ मध्ये मद्रासला सुखाने अध्यक्ष झाले.

टिळक १९१४ मध्ये सुटले. पुढच्या वर्षी गोखले गेले, फिरोजशहा गेले. १९१६ मध्ये लखनौला टिळक पुन्हा राष्ट्रसभेत आले, अध्यक्ष होते अंबिकाचरण मुजुमदार. १९१८ च्या दिल्ली अधिवेशनासाठी शेवटी त्यांचीच निवड झाली. पण चिरोल खटल्यासाठी ते विलायतेला निघून गेले होते. त्यांच्या जागी मदनमोहन मालवीय बसले. खटलाही हरला. १ ऑगस्ट १९२० ला मुंबईत सरदारगृहात टिळकांनी देह ठेवला.

पुढच्याच महिन्यात कलकत्त्याला राष्ट्रसभेचं खास अधिवेशन भरलं. अध्यक्ष होते लाला लजपतराय.