गेटवेवाला विटेट

गेटवे ऑफ इंडियासमोर फोटो काढला नाही असा आपल्या होस्टेलमध्ये कोणी सापडणार नाही. मीही काढलाय. पण तो डिझाइन कोणी केला, हे मला थर्ड इयरपर्यंत माहीत नव्हतं. सिव्हिलला असून!

जॉर्ज विटेट स्कॉटलंडचा, जन्म १८७८. १९०४ मध्ये भारतात आला आणि सरकारी आर्किटेक्ट जॉन बेग यांचा सहाय्यक झाला. फोर्टमधल्या म्युझियमच्या डिझाइनची स्पर्धा त्याने १९०९ मध्ये जिंकली. तिथला घुमट बघून विजापूरचा गोलघुमट आठवतो, कारण नमुना तोच.

गेटवेची कथा मात्र मजेशीर आहे. १९११ मध्ये पंचम जॉर्ज आला, तेव्हा स्वागताला नुसती पुठ्ठ्याची कमान होती. पायाभरणी १९१३ ला, डिझाइन मंजूर १९१४ ला. मग समुद्रात भराव, १९२० मध्ये पायाचं काम आणि उद्घाटन थेट १९२४ मध्ये! २६ मीटर उंची, पिवळसर बेसॉल्ट, आरसीसी, खर्च २१ लाख. तेवढ्यात पैसे संपले आणि कमानीसमोर सरळ येणारा रस्ता झालाच नाही. म्हणून ती आजही रस्त्याला तिरकी उभी आहे. आम्ही असं ड्रॉइंग नेलं तर सर शीट परत करतील. पण यात विटेटची काय चूक?

१९४८ मध्ये शेवटची ब्रिटिश तुकडी याच कमानीतून बोटीकडे गेली. विटेट तेव्हा शिवडीच्या दफनभूमीत होता. १९२६ मध्येच, पन्नाशीही न गाठता, मुंबईत हगवणीने गेला बिचारा.