रेल्वे कंपन्यांशी झुंजलेला गव्हर्नर

कंपन्यांवर कर बसविणे हे काम वरवर पाहता सोपे वाटते. विधिमंडळाने दर ठरवावा आणि खजिन्याने रक्कम वसूल करावी. परंतु दर ठरविणाऱ्यांनाच कंपन्यांनी अंकित केले असेल तर काय घडते, हे अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याचे गव्हर्नर रॉबर्ट ला फॉलेट यांच्या चरित्रावरून उमजते.

१४ जून १८५५ रोजी प्रिमरोझ येथे शेतकरी कुटुंबात जन्मलेले ला फॉलेट वकील झाले आणि १८८५ ते १८९१ या काळात अमेरिकन प्रतिनिधिगृहाचे सदस्य होते. १८९१ मध्ये लाकडाच्या व्यापारात गडगंज झालेले सिनेटर फिलेटस सॉयर यांच्यावर त्यांनी लाच देऊ केल्याचा जाहीर आरोप केला. सॉयर यांनी तो नाकारला. मात्र रिपब्लिकन पक्षातील प्रबळ गट ला फॉलेट यांचा वैरी बनला. १८९६ व १८९८ मध्ये त्यांना उमेदवारी मिळाली नाही. अखेर १९०० मध्ये ते गव्हर्नर म्हणून निवडून आले.

त्या काळी शेतकरी जमिनीच्या किमतीवर कर भरीत. रेल्वे कंपन्या मात्र उत्पन्नाचा ठराविक अंश देऊन मोकळ्या होत. त्यांच्याही मालमत्तेच्या मूल्यावर कर आकारावा, हा प्रयत्न १९०१ च्या विधिमंडळात फसला. तेव्हा ला फॉलेट गावोगाव फिरले आणि कोणत्या प्रतिनिधीने कसे मत दिले, याची नोंद त्याच्याच मतदारांपुढे वाचून दाखवू लागले. १९०३ मध्ये कायदा संमत झाला.

तेवढ्याने भागणार नव्हते. वाढलेला कर कंपन्या मालवाहतुकीचे दर चढवून शेतकऱ्याच्याच माथी मारतील, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून १९०५ मध्ये दरांवर देखरेख करणारा रेल्वे आयोग स्थापन झाला. आयोगाचा कायदाही विधिमंडळाच्या सज्जात पोखरला जाऊ शकतो. त्यासाठी कंपन्यांच्या पगारी मध्यस्थांना सदस्यांशी खाजगीत बोलण्यास त्याच वर्षी मनाई झाली. त्यांनी आपले म्हणणे समितीपुढे उघडपणे मांडावे, असे ठरले.

१९०६ पासून ते सिनेटमध्ये होते. १९१७ मध्ये युद्धप्रवेशाला विरोध केल्यामुळे त्यांना लोकांचा रोष सोसावा लागला. १९२२ मध्ये सरकारी तेलक्षेत्रांच्या भाडेपट्ट्यांची चौकशी त्यांच्याच ठरावाने सुरू झाली. त्या प्रकरणात एका माजी मंत्र्याला पुढे तुरुंगवास घडला. १९२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांना सुमारे १६ टक्के मते पडली, पण राज्य एकच जिंकता आले : विस्कॉन्सिन. १८ जून १९२५ रोजी त्यांचे निधन झाले.

ला फॉलेट निर्दोष नव्हते. पक्षातील जुनी यंत्रणा मोडताना त्यांनी स्वतःची यंत्रणा उभारली. तथापि, त्यांनी घालून दिलेला धडा टिकाऊ आहे. नियंत्रणाविना लादलेला कर ग्राहकाच्या खिशातून जातो आणि मतदारांची नजर नसेल तर नियंत्रणही कंपन्यांच्या सोयीचे होते. अर्थसंकल्पाच्या दिवशी कराचा दर वाचणाऱ्या नागरिकाने तो दर ठरविताना कोण कोणाला भेटले, हेही विचारले पाहिजे.