एकट्याचं मत

महापालिकेची निवडणूक आली की आमच्या सात रस्त्यावर साती दिशांनी रिक्षा, झेंडे आणि कर्णे येतात. पण निवडून गेलेला माणूस पुढं सभेला जातो का, गेला तर काय बोलतो, हे आम्ही बायका विचारतच नाही. पाणी, गटार, रस्त्यावरचा दिवा... एवढ्यापुरतीच त्याची आठवण! म्हणून आज एका जुन्या सभासदाची ओळख करून द्यावीशी वाटते. नाव तुम्हाला चांगलं ठाऊक आहे : महात्मा जोतीराव फुले.

१८४८ ची मुलींची शाळा, सावित्रीबाईंची साथ, १८६८ मध्ये अस्पृश्यांसाठी खुला केलेला घरचा हौद, १८७३ चा सत्यशोधक समाज... हे सगळं आपल्याला शाळेपासून पाठ आहे. पण १८७६ पासून सुमारे सहा वर्षं ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते, हे राहूनच जातं.

ते निवडून आलेले नव्हते, सरकारनं नेमलेले होते. अशा माणसानं मान डोलवावी, एवढीच अपेक्षा असणार. पण जोतीराव स्वतः बांधकामाचे ठेके घेत. पैसा कुठं मुरतो, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

एकदा व्हाइसरॉय पुण्यात येणार म्हणून शहर सजवायचं ठरलं. त्यासाठी हजार रुपये खर्चायचा प्रस्ताव आला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर लावा, असं म्हणून जोतीरावांनी विरोध केला. सगळ्या सभागृहात विरोध करणारे ते एकटेच! प्रस्ताव मंजूर झाला. हरले म्हणा हवं तर. पण त्यांचा विरोध आजही सांगितला जातो. बाजूनं हात वर करणाऱ्यांपैकी किती जणांची नावं आपल्याला माहीत आहेत?

१८८० मध्ये शहरात दारूची दुकानं वाढू लागली, तेव्हा त्यांनी नगरपालिकेला पत्र लिहून हरकत घेतली. दारूचा मार आधी कुणावर पडतो, हे बायकांना वेगळं सांगायला हवं का?

मोठ्या खर्चाची मंडई बांधायचं निघालं, तेव्हाही त्यांचं म्हणणं तेच : आधी शिक्षण. मंडई झालीच. १८८६ मध्ये सुरू झाली, गव्हर्नर रे यांचं नाव लागलं. पुढं त्याच मंडईला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं! मंडई नकोच होती, असं मी म्हणणार नाही. भाजीवाल्या बायकांच्या डोक्यावर छप्पर आलं, हेही खरंच. पण पैसा मोजका असताना आधी कुणाचं, हे विचारणारं कुणीतरी सभेत बसलेलं लागतं.

आज हे आठवायचं कारण? २०११ पासून आपल्या राज्यात पालिकांमध्ये निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तरी कितीतरी ठिकाणी सही तिची आणि बोलणं नवऱ्याचं, असंच चालतं. खुर्ची मिळाली, आवाज अजून मिळायचाय.

आपण एक करू शकतो. सभेची हजेरी आणि इतिवृत्त ही काही गुप्त कागदपत्रं नव्हेत. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानं साध्या अर्जावर ती मागता येतात. बचत गटातल्या चौघींनी मिळून एक अर्ज करून तर बघा. आपली नगरसेविका किती सभांना गेली, कशाला हो म्हणाली आणि कशाला नाही, ते वाचा. आणि एखाद्या ठरावाला ती एकटीच नाही म्हणालेली दिसली, तर आधी तिच्या घरी जाऊन तिची पाठ थोपटा. पाण्याची तक्रार नंतर!