विश्लेषण : बाजारात विकलेला मुलगा ते निजामशाहीचा पेशवा... मलिक अंबरचा वारसा काय सांगतो?

विष्णुपुरीच्या धरणासाठी आज ओळखल्या जाणाऱ्या नांदेड परिसरात १६०२ मध्ये एक मोठी लढाई झाली होती. अकबराचा सेनापती अब्दुर्रहीम खानखानान याचा मुलगा मिर्झा इरज याने निजामशाही फौजेचा पराभव केला. या फौजेचा सेनापती गंभीर जखमी झाला. त्याच्या माणसांनी त्याला मैदानातून उचलून नेले म्हणून तो वाचला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा आफ्रिकी माणूस पुढची २४ वर्षे मोगलांना दख्खनमध्ये झुंजवत राहिला. त्याचे नाव मलिक अंबर.

हे त्याचे खरे नाव होते का?

नाही. त्याचा जन्म १५४८ च्या सुमारास इथिओपियात झाला. मूळ नाव चापू असल्याचे मानले जाते. तांबड्या समुद्रावरील मोखा बंदरातून तो बगदादला पोहोचला. तेथे मीर कासिम या मालकाने त्याला शिक्षण दिले, इस्लामची दीक्षा दिली आणि अंबर हे नाव ठेवले. अंबर म्हणजे एक मौल्यवान सुगंधी द्रव्य. गुलामांना अशी अत्तरांची, रत्नांची नावे देण्याची प्रथा होती. घरातल्या किमती वस्तूला द्यावे तसे हे नाव. पुढे त्याला मलिक हा किताब मिळाला. मलिक म्हणजे राजा. त्याच्या नावाचा एक शब्द सत्तेचा आणि दुसरा गुलामीचा आहे.

हबशी गुलाम दख्खनमध्ये का आणले जात?

इथिओपियाला अरब ‘हबश’ म्हणत. त्यावरून हबशी हा शब्द आला. दख्खनच्या सुलतानांचे दरबार स्थानिक दख्खनी आणि इराण-तुराणातून आलेले परदेशी सरदार यांच्या भांडणांनी पोखरलेले होते. ज्याला इथे ना भाऊबंद ना वतन, असा गुलाम फक्त मालकाशीच एकनिष्ठ राहील, हा त्यामागचा हिशेब होता. अमेरिकेतील मळ्यांवर गुलामी पिढ्यान्‌पिढ्या चाले. इथे लष्करी गुलामाला मुक्त होऊन सरदारकी मिळवता येई. मात्र घर, भाषा आणि आईबाप तुटण्याची किंमत दोन्हीकडे सारखीच होती.

अंबर मुक्त कसा झाला?

अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा पेशवाही एकेकाळचा हबशी गुलामच. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने अंबरला मुक्त केले. काही काळ विजापुरात चाकरी करून अंबर छोटे घोडदळ घेऊन परतला. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर जिंकले, तेव्हा राज्य संपल्यातच जमा होते. अंबरने परांड्याला दुसऱ्या मुर्तझा निजामशाहाला गादीवर बसवले, त्याला आपली मुलगी दिली आणि कारभार हाती घेतला. तो स्वतः मात्र कधीच सुलतान झाला नाही.

नांदेडच्या पराभवानंतर त्याने खानखानानशी तह केला आणि फौज पुन्हा उभारली. तिच्यात हबशी होते, तसे मराठेही होते. डोंगराळ मुलखात शत्रूची रसद तोडायची आणि समोरासमोरची लढाई टाळायची, हे गनिमी काव्याचे तंत्र त्याने मोगलांविरुद्ध प्रभावीपणे वापरले. १६२४ मध्ये भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्रित फौजेला हरवले. त्या लढाईत शहाजीराजे निजामशाहीच्या बाजूने लढले. त्यांचे बंधू शरीफजी तेथेच पडले.

सत्ता मिळाल्यावर वर्णाचा शिक्का पुसला गेला का?

मित्रांच्या लेखी बहुधा होय, शत्रूंच्या लेखी नाही. बादशहा जहांगीरने आत्मचरित्रात त्याच्या काळ्या रंगावरून वारंवार शिवीगाळ केली. दरबारी चित्रकार अबुल हसनने १६१६ च्या सुमारास एक चित्र काढले. भाल्यावर टांगलेल्या अंबरच्या मस्तकावर जहांगीर बाण सोडतो आहे, असे ते चित्र. प्रत्यक्षात जहांगीरला अंबर कधीच हाती लागला नाही. १६२६ मध्ये अंबर वारला, तेव्हा मात्र युद्धात आणि कारभारात त्याला जोड नव्हती, हे मोगल इतिहासकारालाही मान्य करावे लागले.

मराठवाड्यात त्याचे काय उरले?

त्याने १६१० च्या सुमारास राजधानी केलेले खडकी म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. उताराचा अंदाज घेऊन डोंगरातले पाणी भूमिगत नळांनी शहरात आणणारी नहर-ए-अंबरी त्याचीच. जमिनीचा कस आणि पीक पाहून सारा ठरवण्याची त्याची पद्धत मलिकंबरी म्हणून ओळखली गेली. खुलताबादला त्याची कबर आहे. तो एकटाही नव्हता : १६३६ मध्ये मोगलांनी उदगीरला वेढा घातला, तेव्हा किल्ला सिद्दी मिफ्ताहच्या ताब्यात होता. जंजिऱ्याचे सिद्दी तर १९४८ पर्यंत संस्थानिक होते.

मग त्याची ओळख कोणती?

उत्तर कर्नाटकातील जंगलपट्ट्यात राहणाऱ्या सिद्दींपैकी अनेकांची घरची भाषा आज कोकणी आहे. पूर्वजांची आफ्रिकी भाषा त्यांच्याकडे उरलेली नाही. अंबरचेही तेच झाले. गुलामीने त्याचे नाव, धर्म आणि देश हिरावून घेतले. त्याच्या यशाने ते परत मिळाले नाहीत. त्याच्या पराक्रमाच्या कथा सांगताना हा तोटा सहज विसरला जातो. मराठी माणसाने मात्र त्याच्या नावाचे दोन्ही शब्द जोडून ‘मलिकंबर’ असा एकच शब्द केला. परक्या मालकाने दिलेले नाव या मातीत असे मराठी झाले. चापूची आठवण ठेवणारे मात्र इथे कोणी नव्हते.