थोमा पारेम्माक्कल कत्तनार

ज्युबिलीच्या या आनंदांत आमच्या वाचकांनीं मलबारच्या एका धर्मगुरूचें स्मरण करावें, अशी आमची इच्छा आहे. थोमा पारेम्माक्कल यांचा जन्म सन १७३६ मध्यें कडनाड गांवीं झाला. सुरियानी व संस्कृत या भाषा ते शिकले आणि १७६१ मध्यें गुरुदीक्षा घेऊन कत्तनार, म्हणजे तिकडील धर्मगुरू, झाले.

संत थोमाच्या ख्रिस्ती लोकांत तेव्हां फूट पडून शतक लोटलें होतें. १६५३ मध्यें मट्टांचेरी येथें लोकांनीं परदेशी पाद्र्यांची सत्ता न मानण्याची शपथ वाहिली, आणि त्यांतील एक भाग पुढें रोमपासून दुरावला. या दुरावलेल्यांचे मुख्य, सहावे मार थोमा, यांस पुन्हां एक होण्याची ओढ लागली. परंतु तेथील परदेशी मिशनरी ही गोष्ट पुढें जाऊं देईनात. म्हणून १७७८ मध्यें जोसेफ करियाट्टिल व आमचे चरित्रनायक रोमला निघाले. आफ्रिकेस वळसा घालून, ब्राझीलवरून, ते १७७९ मध्यें लिस्बनला पोहोंचले. शेजारच्या भावाशीं समेट व्हावा म्हणून अर्धी पृथ्वी पालथी घालावी लागली! रोममध्यें स्वागत थंडच झालें. तथापि करियाट्टिल यांस १७८३ मध्यें लिस्बन येथें क्रांगानोरचे आर्चबिशप म्हणून अभिषेक झाला.

१७८६ मध्यें दोघे गोव्यास आले आणि, मायभूमि इतकी जवळ असतां, सप्टेंबरांत आर्चबिशप तेथेंच निवर्तले. मलबारांत अनेकांस या मृत्यूचा संशय आला. पुराव्यावांचून आम्ही त्यांत पडत नाहीं.

थोमा कत्तनार कारभारी होऊन एकटे परतले. १७८७ मध्यें अंगमाली येथें जमलेल्या प्रतिनिधींनीं त्यांनाच बिशप नेमण्याची मागणी केली. ती मान्य झाली नाहीं. त्यांचें प्रवासवृत्त, 'वर्तमानपुस्तकम्', १९३६ मध्यें छापून निघालें. ज्या देशाची ख्रिस्तसभा, तिचा कारभार त्याच देशाच्या माणसांनीं पाहावा, हा त्यांतील आग्रह कोणास बंडखोरीचा वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. पेत्राच्या गादीवरील निष्ठा निराळी आणि परक्या राजसत्तेची ताबेदारी निराळी, हा भेद त्यांनीं ओळखला होता. आणि इतके अपमान सोसूनही रोमशीं नातें तोडलें नाहीं.

२० मार्च १७९९ रोजीं ते वारले. त्याच वर्षीं मार थोमा रोमशीं एक झाले, पण कांहीं महिन्यांतच परतले. सुरियानी कॅथलिकांस आपले देशी बिशप १८९६ मध्यें मिळाले. करियाट्टिल यांच्या अस्थि मात्र १९६१ पर्यंत गोव्यांतच होत्या. त्या वर्षीं त्या त्यांच्या आलंगाड गांवीं नेण्यांत आल्या.